अर्ध्या मिशीचा गृहस्थ

वाल्मिक भोईर कर्जतचा, आणि धंद्यानं व्यंगचित्रकार. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुंबईची दोन मासिकं त्याची शाईतली चित्रं छापत. एका फटकाऱ्यात नाक, दुसऱ्यात पोट! पण पंचेचाळीस सालच्या हिवतापानं त्याचा उजवा हात कापरा झाला. रेघ गांडुळासारखी वळवळू लागली. एरवी बडबड्या माणूस, पण दौत माळ्यावर टाकून गप्प बसला. मला त्याचा राग येई. मी त्याचा मित्र, आणि मास्तरकी करणाऱ्या मित्राला रागावण्यापलीकडं येतं काय?

"तेलरंगाला रेघ लागत नाही," एक दिवस तो म्हणाला. "दोन रंग भिडले की कड आपोआप होते. चुकलं तर चिंधीनं पुसायचं."

त्यानं मांजरपाट चौकटीवर ताणून त्याला सरस लावला. डाव्या हातात काठी आडवी धरली, तिच्यावर उजवं मनगट टेकलं आणि पोपट न्हाव्याच्या सलूनसाठी चित्र काढलं: खुर्चीत बसलेला जाडा गृहस्थ, अर्धी मिशी उतरलेली, अर्धी शिल्लक. लोक हसले, तर वाल्मिक पुन्हा चित्रकार. नाही हसले, तर मेव्हण्याच्या लाकडाच्या वखारीत कारकुनी. घरात तसं ठरलंच होतं.

चित्र आरशासमोरच्या भिंतीवर टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो, तर पोपटची आई बायजा चित्राला झेंडूची माळ घालून हात जोडून उभी! आमच्याकडं तेलरंगातलं चित्र म्हणजे कुणीतरी स्वर्गवासी. जिवंत माणसाला कोण कशाला रंगवतंय?

"कुनाचं वडील रं बाबा?" तिनं वाल्मिकला हळूच विचारलं. "लई सोसलेलं दिसतंय."

बाकावरची गिऱ्हाइकंही कुजबुजत बोलत होती.

मला हसू फुटलं, पण वाल्मिककडं पाहून मी ते दाबलं. "आधी हात गेला, आता डोकंही गेलं," म्हणत त्यानं चित्र उतरवलं. मी भडकलो. "अरे, कुठं चुकलं ते तरी बघ!" आणि चित्र आरशासमोर धरलं. उलट्या चित्रात चूक लवकर दिसते, हे त्यानंच मला सांगितलेलं.

तो आरशाजवळ सरकला आणि बघू लागला. सुरकुती न् सुरकुती, कोटाची सगळी बटणं त्यानं सारख्याच उजेडात रंगवली होती, आणि जिच्यावर हसायचं ती उतरलेली मिशी सावलीत बुडाली होती.

"सगळंच बोलतंय रे," तो म्हणाला, "म्हणून विनोद ऐकू येत नाही."

जवसाच्या तेलातला रंग अजून ओला होता. घरी येऊन टर्पेंटाइनच्या चिंधीनं त्यानं सुरकुत्या पुसल्या, बटणं पुसली, कोट एकसारखा गडद केला. नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एकच ठिपका ठेवला. साबणाचा फेस म्हणून पांढरा रंग सुरीनं जाड थापला आणि उतरलेल्या मिशीची जागा गुलाबी, उघडी केली. गृहस्थाचे डोळे बारीक करून ओठाजवळच्या वस्तऱ्याकडं वळवले. बसण्याचा रुबाब मात्र दिवाणजीचा, होता तसाच. "रुबाब राहिला तरच मिशी गेलेली कळते," तो पुटपुटला.

आठ दिवसांनी चित्र पुन्हा त्याच जागी लागलं. वाल्मिक आत येईना, बाहेरच उभा राहिला. मी आत बाकावर बसलो. खुर्चीत येसाजी पाटील होते, तोंडभर फेस. त्यांनी आरशातून चित्राकडं पाहिलं, नजर काढली, पुन्हा पाहिलं. मग हात हळूच स्वतःच्या ओठावर गेला.

"पोपट, माजी हाय ना रं जागेवर?"

आणि पाटील असे हसले की फेस आरशावर उडाला. बाकावरचे सगळे हसले.

"हलू नका पाटील, वस्तरा हाय हातात!" पोपट ओरडला आणि तसाच दारात आला. "वाल्मिकदादा, ते चित्र आदी काढा तिथनं!"

वाल्मिकचा चेहरा पांढराफटक पडला. "का? काय झालं?"

"खुर्चीतला मानूस हसतोय, कुनाचा तरी गाल कापंल! बाजूच्या भिंतीला लावा. बाकावरच्यांनी काय हसायचं ते हसावं."

वाल्मिक उंबऱ्यावर बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला. माझाही जीव इतका हलका झाला की मी त्याला रागवायचंच विसरलो.

मग डोळे पुसत तो म्हणाला, "मास्तर, मेव्हण्याला सांगून येतोस? म्हणावं, वाल्मिक येत नाही."

मी चाळिशीचा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून भर बाजारातून वखारीकडं धावत सुटलो.