गावापुरता परराष्ट्रमंत्री

त्या वर्षी आमच्या गावाला परराष्ट्रमंत्री लाभला होता. तो मी. पात्रता एवढीच की मी संस्थानच्या शाळेत मास्तर होतो आणि हैदराबादहून येणारं उर्दू वर्तमानपत्र गावात मलाच वाचता येई. संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी ते मराठीतून सांगायचो. सांगताना त्यात थोडं माझंही मिसळायचं.

इंग्रज गेले होते, हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, आणि आमचं संस्थान म्हणत होतं, आम्ही कुणाचेच नाही. जगात आता अमेरिका आणि रशिया हे दोन नवे पाटील उभे राहिलेत, हे मी समजावून सांगितलं. लोकांनी ते सोयरिकीच्या हिशेबानं घेतलं.

"अमेरिकेचं घर तालेवार हाय म्हणायलेत," एक म्हातारे म्हणाले, "पर लई लांब. अडीनडीला गाडी जुंपून कोण येतंय?"

"आन् रशिया?"

"तितं म्हणं रान कुणाच्याच नावावर नसतंय. असल्या घरात पोरगी द्यावी व्हय?"

मोठमोठ्या मुत्सद्द्यांना जे वर्षभर सुटलं नाही, ते आमच्याकडे तंबाखू मळून होईपर्यंत निकालात निघालं.

पावसाळ्यात बंदूकवाल्यांच्या टोळ्या आसपासची गावं लुटू लागल्या. एके दिवशी शेजारचे अप्पा माझ्याकडे आले. शेतकरी माणूस, घरात लग्नाच्या दोन मुली.

"मास्तरसाब, निर्णा गावची माणसं सोलापूरकडं जायलेत. आमी जावं का ऱ्हावं?"

उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या बायकोला, गावाच्या अक्काला, मी आधीच सोलापूरला, तिच्या माहेरी पोचवून आलो होतो. पण सरकारी मास्तरच 'पळा' म्हणाला, हे कुणी तहशिलीत नेऊन घातलं असतं तर नोकरी गेली असती. मी मंत्र्याचा आवाज काढला.

"अप्पा, आपल्या सरकारनं जगाच्या पंचायतीत फिर्याद नेलीय. सारं जग बघायलंय. अशात कोण हात लावतंय?"

"मग अक्काला कामून धाडलं?"

"बाळंतपणाला. पहिलटकरीण हाय."

तसलं काही नव्हतं. अप्पांचा चेहरा मात्र उजळला. "आन् आमाला सांगितलं न्हाई!" दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं अक्कासाठी हिरवी चोळी आणि डिंकाचे लाडू आणून दिले, सोलापूरला धाडा म्हणाली. लाडू सोलापूरला गेले नाहीत. ते परराष्ट्र खात्यातच संपले.

अप्पा राहिले. टोळी भर दुपारी आली. मुली ज्वारीत लपून बसल्या म्हणून वाचल्या. घर जळलं, बैल गेले, अडवायला धावलेल्या अप्पांचा हात मोडला. पुढे हिंदुस्थानची फौज आली आणि बघता बघता संस्थानच संपलं. जगाच्या पंचायतीचं फिर्याद ऐकून घेणं तेव्हा चालूच होतं.

मग माझी बायको परत आली. अप्पांची बायको छपरातून लगबगीनं आली. घर उभं राहीपर्यंत ती माणसं छपरातच राहत होती. तिनं बायकोची रिकामी मांडी पाहिली आणि माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली. "राहिलं नाही," म्हणालो.

तिनं माझ्या बायकोला मिठीत घेतलं आणि मोठ्यानं रडू लागली. "आमचं काय गं बाई, घर पुन्ना बांधता येतंय. लेकरू कुठलं येतंय?"

तिच्या खांद्यावरून बायको माझ्याकडे बघत होती. मग तीही रडू लागली. ती बाई गेल्यावर म्हणाली, "मी आता कुठल्या लेकराला रडले, तेवढं सांगा."

सांगितलं. तिनं सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या जाऊन अप्पांच्या पाया पडा आन् खरं काय ते बोला."

मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो, करत वर्षं काढली. मुत्सद्दी असंच करतात, असं स्वतःला समजावलं. आता अप्पा नाहीत. त्यांची बायको आहे, अजून मला मानानं बसायला घोंगडी टाकते. तिला वाचता येत नाही. म्हणूनच हे लिहायचा धीर झाला.