एक काठी वर

उत्तराखंडात औलीच्या बर्फात मी पडलो, माझ्या मित्राने मला पडलेलं पाहिलं आणि तो पुढे निघून गेला, असं मी जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगत आलो. मी पडलो हे खरं. तो पुढे गेला हेही खरं. मधलं मी बदललं.

आम्ही दोघे रेल्वेतले. मी भुसावळचा, तो नागपूरचा. जयपुरात खातीपुऱ्याला आमची क्वार्टर्स शेजारी होती. निवृत्तीनंतर मी तिथेच राहिलो, तो बनी पार्कला गेला. स्कीइंगचं खूळ त्याचं. माझी बायको म्हणाली, "रोज गुडघ्याला तेल मी चोळायचं आणि तुम्ही बर्फात घसरायला जायचं!" तरी आम्ही औलीच्या शिबिरात नाव नोंदवलं.

जयपुरात बर्फ कुठला? शहराबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर सराव केला. लाकडी फळ्यांना जुन्या बुटांचे पट्टे ठोकले, खालून मेण घासलं. वाळूत वजन मागे टाकावं लागतं, नाहीतर फळीचं टोक रुततं आणि माणूस तोंडावर आपटतो. हे मला लवकर जमलं, त्याला काही जमेना. मी वरून ओरडायचो, "मागे रेल, मागे!" तो वाळू थुंकत म्हणायचा, "गुरुजी, आरामखुर्ची आणू का बे रेलायला?"

औलीत पहिल्याच सकाळी कळलं की बर्फाचं सगळं उलटं असतं. तिथे वजन पुढे हवं. मागे रेललात की स्की पायांखालून पळतात. शिकवणारा गढवाली तरुण दिवसभर मला सांगत होता, "अंकलजी, आगे झुको." मला कळत होतं, पण अंगाला वाळूची सवय लागली होती. मित्राला वाळू कधी जमलीच नव्हती, म्हणून विसरायचंही काही नव्हतं. तो सरळ उतारावरून खाली यायचा आणि मला हाक मारायचा, "काय गुरुजी, आज कुठं बसले?" शिबिरातली पोरं हसायची. मीही हसायचो, पण ते मनात राहिलं.

शेवटच्या दिवशी देवदारांमधून वरच्या कुरणाकडे लांबची चाल होती. जोडीजोडीने जायचं. पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायचं. पडलेल्याने एक काठी वर केली तर 'मी ठीक आहे, तू जा'. दोन्ही काठ्या डोक्यावर फुलीसारख्या धरल्या तर 'थांब, मदत हवी'. आमची जोडी अर्थातच आमचीच.

एका लहानशा उतारावर मी पुन्हा मागे रेललो. स्की पुढे गेल्या, गुडघा मागे राहिला. आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. वर बघितलं तर तो वळणावर थांबलेला, त्याच्या बाजूला दोन तरुण मुलं. त्यांच्यादेखत मला फुली धरवेना. मी एक काठी वर केली.

तो तसाच उभा राहिला. गॉगल कपाळावर सरकवून त्याने पुन्हा नीट बघितलं. मी काठी खाली घेतली नाही. मग तो वळला आणि झाडांआड गेला.

त्या क्षणी मला जे वाटलं ते आजही पुरतं गेलेलं नाही. वडील गेले तेव्हा मी ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. या माणसाने माझा चेहरा बघून माझी पिशवी भरली होती आणि मला गाडीत बसवलं होतं. तोच माणूस एका काठीवर विश्वास ठेवून निघून गेला? पाठीखालचा बर्फ कपड्यांत झिरपत होता आणि मी त्याला शिव्या देत होतो. शेवटी मागून येणाऱ्या त्या गढवाली मुलाने मला घसरगाडीवर घालून खाली आणलं.

संध्याकाळी तो धावतच खोलीत आला. "काय झालं बे?"

"दोन्ही काठ्या धरल्या होत्या मी," मी म्हणालो.

"दोन?"

"दोन."

तो गॉगल काढून बराच वेळ काच पुसत बसला.

जयपुरात परतल्यावर गुडघ्याच्या व्यायामासाठी तोच मला स्कूटरवर घेऊन जायचा. मला वाटायचं, फेडतोय. गणपतीत मंडळातल्या एकाने त्याला सगळ्यांसमोर टोमणा मारला, "तुमच्या जोडीला जायचं म्हणजे विमा काढूनच जायला हवं." लोक हसले, मी प्रसाद खात राहिलो. पुढच्या वर्षी तो गणपतीला आला नाही.

गेल्या थंडीत त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, नात मागे लागलीय, आजोबा औलीला चला म्हणून. हे म्हणतात, माझ्या भरवशावर कोणी येऊ नये. तुम्ही तरी समजवा."

मी बनी पार्कला गेलो. तो गच्चीवर उन्हात बसला होता. मी बसलोही नाही, उभ्यानेच सांगून टाकलं की काठी एकच होती.

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मतलब, मला बरोबर दिसलं होतं?"

"हो."

"मी तर डोळे तपासून आलो बे. डॉक्टर म्हणाला, नजर चांगली आहे. तरी मी तुझंच खरं धरलं." त्याचा आवाज चढला नव्हता. "डोळ्यांपेक्षा तुझ्यावर भरवसा ठेवला."

मी म्हणालो, "पण तू ओळखायला हवं होतंस." हे मी तेव्हाही म्हणालो, याची आता लाज वाटते.

कठड्याला टेकवलेली माझी चालायची काठी त्याने उचलून माझ्या हातात दिली. "वर कर."

"अरे..."

"कर ना बे."

मी केली. त्याने कपाळावर हात धरून, उन्हातून, नीट बघितलं.

"दिसली," तो म्हणाला. "आता जा तू."

नातीबरोबर तो औलीला गेल्याचं त्याच्या बायकोकडून कळलं. यंदाच्या गणपतीत मी मंडळात उभा राहून सगळं सांगितलं. त्याची खुर्ची रिकामीच होती.