पत्र्याला काज करणारे आप्पा

आप्पा ‘भोक’ हा शब्द कधी उच्चारत नसत. आमच्या गॅरेजात गाड्यांच्या पत्र्याला मोठी गोल भोकं पाडण्याचं काम रोजचंच. कुणाला दारात स्पीकर बसवायचा असे, कुणाला छपरावर हवा खेचणारा पंखा. या सगळ्यांना आप्पा ‘काज’ म्हणत. कुणी नवखा कारागीर भोक म्हणाला की हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत. “भोक उंदीर पाडस,” ते अहिराणीत म्हणत, “आपण काज करतस.”

हा शब्द त्यांनी शर्टांच्या कारखान्यातून आणला होता. अमळनेरकडून सुरतेला आले ते लूमवर काम करायला, मग काही वर्षं काज-बटणाच्या मशीनवर बसले, आणि तिथून कसे कोण जाणे पत्र्याकडे वळले. त्यांच्या लेखी दोन्ही कामं एकच होती. “कोर बांधली नाही तर दोन्ही उसवतात,” ते सांगत. “कापडाचा धागा निघतो, पत्र्याचा गंज निघतो.” त्यांच्या स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण मात्र कायम तुटलेलं असे. पप्पा त्यावरून चिडवत, तर म्हणत, “काज शाबूत आहे ना, मालक? मग झालं.”

गॅरेज सुरतेच्या दिंडोलीत, नवागामच्या हद्दीला लागून. पप्पांचं. मी बी.कॉम. झाल्यावर तिथल्या काचेच्या केबिनमध्ये बिलं करायला बसू लागले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात अहिराणी, गॅरेजात मराठी, रस्त्यावर गुजराती. चार भाषा कळतात आणि चारही भाषांत माझं बोलणं उशिरा बाहेर पडतं. गिऱ्हाईक बिल घेऊन निघून गेल्यावर मला उत्तर सुचतं. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. ते केबिनच्या दारात चहाचा ग्लास घेऊन उभे राहत, मी काही बोलले नाही तरी ग्लास संपेपर्यंत थांबत आणि जाताना म्हणत, “चला, गप्पा झाल्या.” मला ते ‘आंडेर’ म्हणत. अहिराणीत आंडेर म्हणजे लेक.

त्यांचं काम बघत बसायची सवय मला तिथेच लागली. आधी ते पत्र्याच्या आतल्या बाजूला हात घालून चाचपत, मागे कुठे वायर किंवा छपराची कमान तर नाही ना. मग रंगावर कागदी पट्टी चिकटवून त्यावर कंपासने गोल आखत, मध्यावर पंच मारून खूण करत आणि ड्रिलला गोल कटर लावून अगदी सावकाश कापत, मधून मधून तेलाचा थेंब सोडत. कापताना त्यांचं एकच सांगणं असे: “रेघ खाऊ नको वं, राख.” कटर रेघेच्या आतून गेला पाहिजे, कापून झाल्यावर आखलेली रेघ काठावर सगळीकडे केसाएवढी दिसली पाहिजे. उरलेलं कानशीने घासून रेघेपर्यंत आणायचं. पत्रा जास्त गेला की परत आणता येत नाही.

घासून झालं की ते खिशातून एक मऊ सुती चिंधी काढत आणि काठावरून गोल फिरवत. एखादा धागा अडकला की पुन्हा कानस. चिंधी अडकली नाही की अंगठा फिरवत, डोळे मिटून. मग प्रायमरचा हात. चिंधी आमच्याच गल्लीतल्या लूमवरची असे आणि ती निवडून घेण्यात आप्पांचा बराच वेळ जाई. एकदा मी त्यांना पॉलिस्टरचा तुकडा दिला तर दोन बोटांत धरून परत केला. “हा लबाड आहे. कशातच अडकत नाही.”

एक दिवस त्यांनी मला विचारलं, “जरा देख वं, कंपासचं टोक खुणेवर बसलं का?” टोक खुणेच्या बाजूला बसलं होतं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मला कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या डोळ्यांवर पडदा येत होता आणि ते पप्पांना कळू द्यायचं नव्हतं. मी कुणालाच काही सांगितलं नाही. न सांगणं मला जमतं.

हळूहळू दुपारचं कापायचं काम माझ्याकडे आलं. पप्पा आरटीओच्या किंवा सामानाच्या कामाला बाहेर पडले की आप्पा माझ्या हातात ड्रिल देत आणि शेजारी स्टुलावर बसून कान देऊन ऐकत. “आवाज चढला. दाब कमी कर.” पहिल्यांदा मी कापलेली चकती सुटून खाली पडली तेव्हा त्यांनी चिंधी फिरवली, मग अंगठा, आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून म्हणाले, “आते मना पोटवर पाय.” मला हसू आलं, आणि तेही हसले. इतकी खूश मी कॉलेजच्या कुठल्याही निकालाने झाले नव्हते.

पप्पांना हे चालणार नव्हतं. मुलगी ड्रिल चालवते म्हटलं की नवागामच्या नातेवाइकांत चर्चा होणार, आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं होतं. मला हे काम हवं होतं, पण ते पप्पांसमोर म्हणायचं कसं हे मला सुचत नव्हतं. आप्पांनी ते ओळखलं. “मी सांगसू तुना बापले,” ते म्हणाले. “वेळ येऊ दे. तू तोंड उघडू नको, मी शे ना.” मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वतीने कुणीतरी बोलणार होतं.

वेळ आली ती कामरेजच्या एका शेठच्या रूपाने. त्यांचा रुग्णवाहिका तयार करण्याचा धंदा. दोन गाड्यांच्या छपरावर पंखे बसवून दाखवा, काम पसंत पडलं तर पुढच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे, असं त्यांनी सांगितलं. पप्पा कामरेजला शेड घ्यायला तयार झाले आणि जेवताना म्हणाले, “ज्याचा हात या छपरांवर असेल त्यालाच शेड सांभाळायला देणार.” दुसऱ्या दिवशी मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. “मग त्याच दिवशी सांगू.”

पहिलं छप्पर मी कापलं. छपराला बाक असतो, त्यामुळे कटर एका बाजूने आधी चावतो. आप्पांनी खालून लाकडाचा ठोकळा धरला आणि मी श्वाससुद्धा जपून घेत कापलं. रेघ सगळीकडे राहिली. दुसऱ्या गाडीच्या दिवशी आईने मला बारडोलीला मावशीकडे नेलं, कुणीतरी मला बघायला येणार होतं म्हणून. शेठची गाडी थांबवून ठेवता येत नव्हती. दुसरं छप्पर आप्पांनी एकट्याने कापलं. दोन्ही दिवस पप्पा शेडच्या कामाला कामरेजला होते, कोणतं छप्पर कधी झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परतल्यावर मी शिडीवर चढून पाहिलं. पंखा बसवून झाला होता, पण कडेचं रबर उचललं तर एका बाजूला काठ गोलाबाहेर सरकलेला दिसला. तिथे कटर बाहेर गेला होता आणि तिकडच्या स्क्रूंना धरायला पत्राच उरला नव्हता. मी खाली उतरून आप्पांकडे पाहिलं. ते कानशी पुसत होते. “सिलिकॉन भरलंय,” ते म्हणाले, मी काही विचारायच्या आत.

शेठ आले ते तपासायला पाण्याची बादली मागतच. पहिल्या छपरावर पाणी ओतलं, आत कोरडं. दुसऱ्यावर ओतलं आणि आतल्या स्ट्रेचरवर धार लागली. सगळे गाडीभोवती जमले. पप्पांनी विचारलं, “हे कुणी कापलं?”

मी आप्पांकडे पाहिलं. ते दुसऱ्या गाडीच्या छपराला हात लावून उभे होते. त्यांनी आत हात घातला, ओल्या काठावरून अंगठा फिरवला, पूर्ण एक फेरा. जिथे रेघ खाल्ली होती तिथे अंगठा थांबला. मग त्यांनी हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि म्हणाले, “हे पोरीने. शिकायचा हट्ट धरला, मी नाही म्हणू शकलो नाही. पहिलं माझं.”

सगळे माझ्याकडे वळले. शेठ हसले. “बेन,” ते गुजरातीत म्हणाले, “रोटली गोळ करो तोय घणुं.” पोळी गोल केलीत तरी खूप झालं. कारागीर हसले, पप्पाही हसले, कारण पार्टी हसत होती. मी बोलायला तोंड उघडलं. वाक्य इंग्रजीत तयार झालं, ते मराठीत आणेपर्यंत पप्पा म्हणाले, “बेटा, तू केबिनमध्ये जा.” मी गेले. काचेतून मला दिसत होतं, आप्पा शेठना पहिल्या गाडीचं छप्पर दाखवत होते. खिशातून चिंधी काढून माझ्या काजावरून फिरवून दाखवत होते.

दुसरं छप्पर नवा पत्रा घालून दुरुस्त केलं आणि काम मिळालं. शेड आप्पांना मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ते केबिनच्या दारात आले, हातात चहाचा ग्लास. मी कधी नव्हे ते आधी बोलले. “आप्पा, तुम्हाला रेघ खाल्लेली कळली होती ना?”

“माले दिसनी नही,” ते म्हणाले.

“अंगठ्याला कळली होती.”

त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, “तुले पुढे मुकलं भेटी. माले आते कोन काम देई?” मुकलं म्हणजे पुष्कळ. त्यांचं म्हणणं मला समजत होतं, आणि समजत होतं म्हणून मला जास्त राग येत होता. समोर परका माणूस असता तर दार लावून घेतलं असतं. मी कीबोर्डवर बोटं चालवत राहिले. ग्लास संपला तरी ते थोडा वेळ उभे होते. त्या दिवशी ‘गप्पा झाल्या’ म्हणाले नाहीत.

पप्पांनी गॅरेजच्या फलकावर त्या पहिल्या छपराचा फोटो छापून घेतला. मी रोज त्याच्याखालून आत जात होते. ड्रिल कपाटात कुलपाखाली गेलं होतं. कामरेजला आप्पांचं फार दिवस निभलं नाही. एका गाडीत त्यांनी काजाबरोबर दिव्याची वायरही कापली आणि डोळ्यांची गोष्ट उघडी पडली. पप्पांनी त्यांना शाल-नारळ देऊन गावी पाठवलं. निरोपाच्या वेळी फलकाकडे हात करून सगळ्यांसमोर म्हणाले, “असा हात पुन्हा होणे नाही.” आप्पा खाली बघत होते. सगळे त्यांच्या पाया पडले. मी नमस्कार केला, उभ्यानेच.

मग मी बारडोलीच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. घरी वाटलं, बिलं करायला. आणि सुरुवातीला तेच होतं. तिथल्या मालकीणबाईंना सगळे मोटीबेन म्हणतात. एकदा कापणारा कारागीर आला नाही आणि गाडी संध्याकाळी द्यायची होती. मोटीबेन फोनवर फोन लावत होत्या. मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, “मी करू?” एवढे दोनच शब्द, पण ते वेळेवर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ड्रिलकडे बोट केलं.

झाल्यावर त्यांनी काठावरून बोट फिरवलं. “कोनी पासे शीखी?” कुणाकडे शिकलीस?

आप्पांचं नाव जिभेवर होतं. शब्द, चिंधी, दाब, आवाज, सगळं त्यांचंच होतं. माझ्या हातात माझं असं फारसं काही नव्हतं. मी म्हटलं, “वडिलांकडे.” माझ्या वडिलांनी कटर कधी हातात धरलेला नाही. मोटीबेन म्हणाल्या, वडील मोठे कारागीर असणार. मी हो म्हटलं. मला वाईट वाटलं नाही, आणि वाटायला हवं होतं असं अजूनही वाटत नाही. आता तिथली छपरं मीच कापते.

आमच्या वर्कशॉपमध्ये नवागामचा एक वेल्डर आहे, त्यानेच बहुतेक आप्पांच्या गावी सांगितलं असणार. आखाजीला, लेकींनी माहेरी यायच्या सणाला, आप्पांचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता.

“तू मोठ्या गाड्या करतेस म्हणे.”

“हो.”

“मनं नाव नही लिधं म्हणे.”

“नाही घेतलं.”

पलीकडे कुणाच्या तरी घरी झोक्याची गाणी चालली होती, ती ऐकू येत राहिली. मी फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही.

“बरं करं,” ते म्हणाले. बरं केलंस.

मग त्यांनी आईची तब्येत विचारली. मी सांगितली.