चंद्रावरचं कर्जत

चंद्रावर देशांनी तळ बांधावा की नाही, हा प्रश्न जग कधीतरी सोडवील. पण तोवर माझ्या बायकोचे थोरले मामा मला शहाणा राहू देतील, याची खात्री नाही. मामांची उभी हयात रेल्वेत गेली. पुण्याकडच्या गाड्यांना घाट चढवायला कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, त्या इंजिनावर ते होते. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, बागेत रमतात. मामा चंद्राच्या मागे लागले. सगळ्या देशांनी मिळून तिथं तळ बांधायलाच हवा, हा त्यांचा हट्ट. "घाट चढायच्या आधी गाडी कुठं थांबते, जावईबापू? कर्जतला! चंद्र म्हंजे कर्जत, मंगळ म्हंजे पुणं. मधी थांबायला जागा नाय, तर तुमी वर जाणार कसं?" तिथं कर्जतसारखे वडे विकायला कोण येणार, असं मी एकदा वैतागून विचारलं. "माणसं आली की वडे येतातच," मामा शांतपणे म्हणाले.

हा विषय काढायला त्यांना स्थळकाळाचं बंधन नाही. लोधिवलीला माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात मुलाचे वडील सहज म्हणाले, की चंद्रावरचा एवढा खर्च इथल्या माणसांवर केला तर काय बिघडेल? झालं! अंगठ्यांचं तबक मामांच्या हातात. ते तसंच धरून मामा समजावत बसले आणि मुलगा-मुलगी बोटं पुढे करून ताटकळली. मीही व्याह्यांच्या बाजूचा. शिवाय इथे एका नळावर दोन घरं भांडतात, तिथे देश काय गुण्यागोविंदाने नांदणार? पण मामांकडे उत्तर तयार. "डबे एकाचे, इंजिन दुसऱ्याचं, तरी गाडी जाते ना? जोडता आलं पायजे." अशा माणसापुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

मामी मात्र कडक संकष्टीवाल्या. सगळं गाव कॅलेंडरातली वेळ झाली की जेवतं. मामींना चंद्र दिसावाच लागतो. स्वतःला नाही तर निदान घरच्या कुणाला तरी. आमच्याकडे कर्जतला तो सह्याद्रीच्या कड्याआडून उशिरा येतो आणि श्रावणात तर येईलच असं नाही. त्यात मामींना साखरेचा आजार. गोळ्या घेऊन उपाशी राहिलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यावर मामांनी डॉक्टरांना काय विचारावं? तळाबद्दल त्यांचं मत! मी दवाखान्याबाहेर येऊन ओरडलोच, "मामा, चंद्र राहू द्या, आधी घरातलं बघा!"

मामा म्हणाले, "सांगून थकलो हो. बाकी सगळं ऐकते, एवढं नाय ऐकत."

गेल्या श्रावणातल्या संकष्टीला व्हायचं तेच झालं. आभाळ गच्च भरलेलं, मामींचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, तरी साखरेचा कण तोंडात घेईनात. मामांनी मला स्कूटर काढायला लावली. "खोपोलीकडं मोकळं असंल." पळसदरीच्या अलीकडे आम्ही थांबलो. चारी बाजूंनी नुसता ढग. मामा मान वर करून उभे राहिले. चतुर्दशीच्या चंद्राला कुणी पौर्णिमेचा म्हटलं तर भर लग्नात त्याची चूक काढणारा हा माणूस. त्यांनी फोन लावला.

"अगं, दिसला. हितं चांगला वर आलाय. व्हय, ह्या डोळ्यांनी. आधी साखर घाल तोंडात, मग जेव."

पलीकडे काहीतरी विचारलं गेलं असावं. मामांनी माझ्याकडे न बघता फोन पुढे केला.

"जावईबापू, खरं ना?" मामी.

"खरं, मामी. स्वच्छ दिसतोय. जेवा तुम्ही."

चंद्राच्या बाबतीत माझं आणि मामांचं एकमत झालं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तळ घेऊन दारात हजर होते. मी वाद अजूनही घालतो, पण पहिल्यासारखं त्यांच्यावर ओरडणं होत नाही.