गाडी थांबवायची कुणी, हे विचारणारे खांबेटेसर

श्री. अरविंद खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट कुवेतमधल्या सलवा भागात एका मराठी स्नेहभोजनात झाली. मी तेव्हा अहमदीला एका तेल कंपनीच्या सुरक्षा विभागात होते. "हे रेल्वेतले इंजिनिअर," अशी कुणीतरी ओळख करून दिली आणि मी बोलून गेले, "कुवेतमध्ये रेल्वे? कुठल्या स्टेशनवर उतरता तुम्ही?" सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले, "रूळ अजून यायचेत. पण त्यांच्या आधी नियम यावे लागतात. तुम्हाला परवान्यांच्या कागदांची सवय आहे ना? मग या आमच्याकडे." माझी थट्टा माझ्याच अंगाशी आली. वर्षभरात मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले.

सर मूळचे नाशिकचे, पण उमेदीची वर्षे ब्रिटनमध्ये रेल्वे-सुरक्षेच्या कामात गेली. ब्रिटनने युरोपीय संघाशी काडीमोड घेतला तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती व्यापाराची आणि व्हिसाची. रेल्वेच्या नियमांत मात्र जागोजागी त्या संघाच्या यंत्रणेचे नाव होते. नाव खोडणे सोपे. पण तिची कामे उद्यापासून कुणी करायची? अशी एकेक जबाबदारी हुडकून तिला नवा धनी नेमून देणाऱ्या मंडळींत सर होते. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. गाड्या काल धावल्या तशाच उद्या धावल्या, की काम फत्ते झाले म्हणायचे. सरांना त्या कामाचा अभिमान आहे, आणि आम्हाला सरांचा.

इथल्या नियोजित मार्गासाठी नियमावलीचा मसुदा करण्याचे काम आमच्या छोट्या सल्लागार कंपनीकडे आले, तेव्हा आम्ही आधार घेतला तो त्याच युरोपीय नियमांचा. म्हणजे संघाचे नाव काढून पुन्हा तीच उस्तवार! सर प्रत्येक कलम मोठ्याने वाचायला लावत आणि एकेक बोट वर करत. "कोणी करायचं? कोणाला कळवायचं? आणि नाही केलं तर गाडी थांबवायची कोणी?" तिसऱ्या बोटाचे उत्तर मिळेपर्यंत चहासुद्धा नाही.

कामगारांनाही सर असेच शिकवतात. शुक्रवारी सकाळी जलीब या कामगारवस्तीतल्या एका खोलीत, दाटीवाटीने बसलेल्या बांधकाम कामगारांकडून ते हिंदीतून सुरक्षा परीक्षेची तयारी करून घेतात. माझी लेक त्यांना इंग्रजीत उत्तर देते तेव्हा म्हणतात, "मराठीत सांग गं, इंग्लिश मला ऑफिसात पुरतं." ती चक्क सांगते. माझे मात्र ऐकत नाही!

आता माझ्या चुकीबद्दल. मूळ कलम असे होते: गाड्या चालवणाऱ्या कंपनीने गंभीर दोष परवाना देणाऱ्या प्राधिकरणाला कळवावा, प्राधिकरणाने तो संघाच्या यंत्रणेला कळवावा, आणि यंत्रणेला गाड्या थांबवता येतील. मी यंत्रणेच्या जागी "प्राधिकरण" घातले. वाक्य झाले, प्राधिकरणाने प्राधिकरणाला कळवावे. हे अगदीच वेडगळ दिसले, म्हणून मी पुढचा सगळा भाग काढून टाकला. माझ्या भरवशावर सरांनी सही केली आणि मसुदा कुवेती अधिकाऱ्यांबरोबरच्या रविवारच्या बैठकीसाठी छापून आला.

गुरुवारी दुपारी सर छापील प्रत मोठ्याने वाचू लागले. त्या कलमापाशी त्यांचे तिसरे बोट वर झाले ते वरच राहिले. माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, या नोकरीवर होता. लेकीची शाळा त्याच्यावर.

आमचे व्यवस्थापक म्हणाले, "साहब, एक लाइन ही तो है. संडे को दे देते हैं, बाद में देख लेंगे."

सर म्हणाले, "उस लाइन के बिना खराबी मिलने पर भी गाड़ी कोई नहीं रोक सकता. मैं अपना साइन वापस लेता हूँ."

रविवारी सरांनी स्वतःच ती चूक दाखवून मुदत मागितली. "हे कुणी वगळलं?" कुवेती अधिकाऱ्यांनी विचारले.

"सही माझी आहे, चूकही माझीच," सर म्हणाले.

मला बसवेना. मी उठले. "कलम मी काढलं," एवढे बोलले आणि मग दुरुस्तीही सांगितली: गाडी थांबवण्याचा अधिकार ना कंपनीकडे ठेवावा, ना परवाना देणाऱ्यांकडे, तो स्वतंत्र निरीक्षकाला द्यावा. अधिकारी म्हणाले, "जिथे लोक आपली चूक अशी उघड सांगतात, तिथे आम्ही थांबू." मुदत मिळाली. माझी नोकरीही राहिली.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "भर बैठकीत मला खोटं पाडलंत की हो!" इतका खूश आवाज मी त्यांचा त्याआधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो त्यांनी मिळवून दिला होता.

ते कलम आज मसुद्यात आहे. सर, आज तुम्हाला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. इथली पहिली गाडी कधी धावेल, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. पण ती तुम्ही डोळ्यांनी पाहायची आहे, तिच्यात बसायचे आहे, आणि पुढेही भरपूर वर्षे ठणठणीत राहायचे आहे. त्या सगळ्या वर्षांत आपले ते कलम कुणाला एकदाही वापरावे लागू नये.