बेटाच्या पुलाची अकरा पत्रं

आमदाराच्या ऑफिसातल्या फायली दर दिवाळीला रद्दीत जातात. किस्से काही जात नाहीत, ते पीएच्या डोक्यात साठत राहतात. मी एकवीस वर्षं साहेबांचा पीए होतो. साहेब जिल्हा परिषदेत होते तेव्हापासून ते तीनदा आमदार होईपर्यंत. रिटायर झालो तेव्हा लोकांनी शाल दिली, नारळ दिला, आणि म्हणाले, "अण्णा, आता निवांत झोपा." कसली झोप! पडलं की एकेक आठवतं आणि डोकं भणभणायला लागतं. तुम्ही म्हणता सांगा, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर हसा, पण मला हसू येत नाही.

सगळे किस्से एकाच पुलाचे आहेत. आमच्या मतदारसंघात धरणाचं पाणी पसरलं, तेव्हा एक टेकाड मधोमध तसंच राहिलं. त्यावर तीन वस्त्या. चारी बाजूंनी पाणी, म्हणून सगळे त्याला बेटच म्हणतात. जायला यायला होडी. तिथल्या लोकांना पूल हवाय, एवढीच गोष्ट आहे.

*

पहिल्या निवडणुकीत साहेब प्रचाराला बेटावर गेले. साहेबांना पाण्याची भीती, हे आम्हाला होडी सुटल्यावर कळलं. निम्म्या वाटेत वारा सुटला. साहेबांनी एका हातानं होडीची कड धरली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. होडी वल्हवणारे दामूनाना, बेटावरचे मेंढरंवाले, शांतपणे म्हणाले, "घाबरू नगा सायेब. आमी रोज जातोय की."

पलीकडे उतरल्यावर साहेबांच्या जिवात जीव आला आणि भाषण जोरात झालं. "मायबाप हो, तुम्हाला शब्द देतो. पुढच्या वेळी मी तुमच्याकडे होडीनं येणार नाही, गाडीनं येईन."

बेटाची सगळी मतं साहेबांना पडली. आणि साहेबांनी शब्द पाळला बरं का. गाडीनं जाता येत नाही, म्हणून ते पुन्हा कधी बेटावर गेलेच नाहीत.

*

आता आमच्या ऑफिसची एक पद्धत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागे आमचं संपर्क कार्यालय. सकाळी आठपासून रांग. प्रत्येकाला साहेबांचं शिफारसपत्र हवं. नाही म्हणणारा आमदार पडतो, असं साहेबांचं ठाम मत. मग सगळ्यांना पत्र द्यायचं. पण सगळ्यांची कामं कशी व्हायची?

त्यावर साहेबांनी युक्ती काढली. साहेब नुसतं "पत्र द्या" म्हणाले, की मी पत्राला अर्ज स्टेपलरनं जोडायचा. "पत्र आजच द्या" म्हणाले, की टाचणी लावायची. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी अधिकाऱ्यांना हे तोंडपाठ होतं. टाचणीचं पत्र आलं की काम करायचं. स्टेपलचं आलं की "बघतो" म्हणायचं आणि फायलीत टाकायचं. माणूस बिचारा दोन्ही पत्रं सारखीच कपाळाला लावून घेऊन जायचा. आणि ती जोडणारा हात माझा होता, हे मी लपवत नाही.

एकदा बांधकाम खात्यात नवा इंजिनिअर आला. सरळ माणूस, त्याला कुणी काही सांगितलंच नाही. विरोधी गटाच्या एका गावाला स्मशानभूमीसाठी शेड हवी होती. त्यांना आम्ही स्टेपलचं पत्र दिलं होतं. या पठ्ठ्यानं पत्र वाचलं, जागा पाहिली आणि चार महिन्यांत शेड उभी केली. वर ऑफिसात पेढे घेऊन आला.

साहेब लालेलाल. तो गेल्यावर मला म्हणाले, "कुलकर्णी, पत्र वाचून काम करतो म्हणजे काय? याला शिस्त आहे की नाही?"

महिन्याभरात त्याची बदली झाली. बदलीच्या पत्राला टाचणी मीच लावली.

*

पुलाचं भूमिपूजन तीनदा झालं. साहेबांनी मधे पक्ष बदलला, तेव्हा दगडावरची पाटी बदलली. दगड तोच, जागा तीच.

पहिलं भूमिपूजन मे महिन्यात होतं. धरण तळाला गेलेलं, पाणी लांब सरकलेलं. मांडववाल्यानं सपाट, कोरडी जागा बघून काठावर मंडप टाकला. दामूनाना साहेबांच्या कानाशी येऊन म्हणाले, "सायेब, ह्यो काठ न्हाय. भादव्यात हितं लई पाणी येतंय. पूल हितनं सुरू केला तर पुलावर जायालाच होडी लागंल."

साहेबांनी नारळ फोडला आणि हात पुसत म्हणाले, "अहो नाना, पूल पाण्यातच असतो."

सगळे हसले. भादव्यात मी काही कामानं तिकडे गेलो होतो. मंडपाची सगळी जागा पाण्याखाली. दगडाचं फक्त टोक वर आलेलं आणि त्याला नानांची होडी बांधलेली. मला बघून नाना म्हणाले, "दगड चांगला हाय अण्णा. सायेबांचं नाव पाण्यात हाय, पर दोर गच्च बसतोय."

*

विधानसभेत साहेबांनी पुलाचा प्रश्न मांडला. खरंच मांडला, मी गॅलरीत होतो. मंत्र्यांचं उत्तर आलं, "होय, हे खरे आहे. कार्यवाही सुरू आहे." साहेब काय उसळले म्हणता! "ही माझ्या बेटवासीयांची चेष्टा आहे," म्हणून बाक वाजवला. दुसऱ्या दिवशी सोलापूरभर डिजिटल बोर्ड लागले.

पुढे दीड वर्ष साहेब राज्यमंत्री होते आणि त्यांना नेमकं ते उत्तर देणारंच खातं मिळालं. विरोधी पक्षातल्या एका आमदारानं बेटाचा तोच प्रश्न जसाच्या तसा विचारला. साहेब उठले, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, "होय, हे खरे आहे. कार्यवाही सुरू आहे."

परत येताना गाडीत मला विचारतात, "उत्तर कसं झालं?"

मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला मिळालं होतं तेच दिलंत."

"मग?" साहेब म्हणाले. "चांगलं उत्तर बदलायचं कशाला?"

*

हे मात्र किस्सा म्हणून सांगवत नाही, पण सांगतो.

दामूनानांची सून पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या तेव्हा वारा होता. नाना आणि त्यांचा मुलगा बिरू यांनी होडी घातली, दीड तास वल्हवत राहिले. अलीकडे टेकले तेव्हा गाडीपर्यंत नेण्याएवढाही वेळ उरला नव्हता. बाई तिथेच काठावर मोकळी झाली, भूमिपूजनाच्या दगडाच्या आडोशाला. होडीत सोबत आलेल्या बायांनी लुगडं धरलं. दोघी वाचल्या, हे त्यांचं नशीब.

पंधरा दिवसांनी नाना ऑफिसात आले. साहेबांनी ऐकून घेतलं. चेहरा पण पाडला. मग विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"पोरगी हाय."

"वा वा! मोठी होऊ दे. शाळेत जायला लागली की आपल्याकडून सायकल."

नाना मग म्हणाले, "मोठी शाळा पल्याडच्या काठाला हाय, सायेब. सायकल पाण्यावर चालती व्हय?"

साहेब मोठ्यानं हसले. "कुलकर्णी, नानांना पत्र द्या." मी टाईप केलं, साहेबांनी सही केली, आणि मी स्टेपलर दाबला.  त्याची मला आजही लाज वाटते.

बाहेर बाकावर नाना मला म्हणाले, "बिरू म्हणतोय बेट सोडायचं. चिंचोळी एमआयडीसीत त्याला काम मिळतंय. मेंढरं इकायची, बायको-पोर घेऊन खोलीवर ऱ्हायचं. मी त्याला थांब म्हनलो. बेटावर चौथीपर्यंत शाळा हाय. पोरगी चौथी होईस्तवर पूल होतोय, आता सायेबांचं पत्र हाय की हातात."

मी नानांसाठी चहा मागवला.

*

ती पोरगी, भागू, यंदा चौथी झाली.

मी रिटायर होण्याच्या आधीचा शेवटचा जनता दरबार. हॉल गच्च भरलेला, पहिल्या रांगेत तीन-चार पत्रकार. दामूनाना आले, भागूचं बोट धरून. म्हातारपणानं वाकलेले. सांगणं एकच, "जूनला शाळा सुरू हुती सायेब. पूल न्हाय झाला तर बिरू समद्यास्नी घिऊन चाललाय. मी एकटा मेंढरामागं कसा ऱ्हाऊ?"

साहेबांनी भागूच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाला. "नाना, तुमचं काम ते माझं काम. कुलकर्णी, नानांना पत्र द्या."

मी पत्र टाईप केलं. सही झाली. अर्ज जोडायला स्टेपलर उचलला, तर नानांनी त्यावर आपला पंजा ठेवला. मेंढरं धरून धरून घट्ट झालेला पंजा, हलेना.

दुसऱ्या हातानं त्यांनी प्लास्टिकची पिशवी साहेबांच्या टेबलावर रिकामी केली. इतक्या वर्षांत नानांनी नेलेली आमचीच पत्रं. पोचेचा शिक्का मारलेल्या अकरा प्रती. अकराही स्टेपलच्या, जुन्या पिना गंजून कागदाला तांबूस डाग पडलेले.

मग नानांनी सदऱ्याच्या कॉलरमधून एक टाचणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. नानांना कुणी सांगितलं, हे मला विचारू नका.

"अण्णा, ह्या खेपेला ही लावा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग पत्रकारांकडे बघितलं आणि हसत म्हणाले, "अहो नाना, टाचणी काय आणि स्टेपल काय! कागद जोडल्याशी मतलब. दोन्ही सारखंच."

"सारखंच हाय न्हवं?" नाना म्हणाले. "मग टाचणीच लावा की."

नानांनी स्टेपलरवरचा पंजा उचलला. मी स्टेपलर ड्रॉवरमध्ये टाकला आणि साहेबांना न विचारता टाचणी लावली.