पायरीखालचा अर्ज

तीन महिने त्यांचं नाव मला कळलं नाही, कारण अर्ज त्यांच्याच हातात राहिला.

धुळ्यातल्या आमच्या कचेरीला पाच पायऱ्या होत्या. हाताने पॅडल मारायच्या तीनचाकीवरून ते दर सोमवारी यायचे आणि पायऱ्यांपाशी चाकाला दगड लावून बसायचे. अपंगांसाठीचा कायदा नुकताच झाला होता. कचेरीला उतार करा, एवढंच त्यांचं मागणं. मी आवक-जावकचा कारकून. उपकार केल्याच्या थाटात खाली गेलो, हात पुढे केला. त्यांनी अर्ज छातीशी धरला.

"खाले नही दिसू, भाऊ. वर ईसन दिसू." खाली देणार नाही, वर येऊनच देईन, असा त्यांचा हट्ट.

शेवटी साहेबांनी वैतागून उतार बांधून घेतला. जीपची जागा जायला नको म्हणून आखूड आणि चांगलाच उभा. तो पाहून ते कुबड्या घेऊन खाली उतरले आणि मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही बठा." मी बसलो. जीव खाऊन पॅडल मारलं, निम्म्यावर गेलो आणि तसाच मागे घरंगळलो. तो उतार फोडायची टिपणी दुसऱ्या दिवशी मीच लिहिली.

नवा उतार जीपची जागा खाऊन भिंतीच्या कडेने गेला. ते सावकाश वर आले आणि अर्ज माझ्या टेबलावर ठेवला.

"आता कशाला? उतार झाला की."

त्यांनी घाम पुसला. "पोचना शिक्का मारा. हाऊ कागद शेजारनी कचेरीमा दाखाडना शे. तठे आठ पायऱ्या शेतस."